काचेवर उतरलेला अजिंठा

इतिहासकाराने स्वतःच्या अभ्यासासाठी जमवलेली छायाचित्रे हे इतिहासाचे एक वेगळ्या जातीचे साधन असते. कारण त्यात ज्या वास्तूचे चित्र आहे तिची त्या दिवशीची अवस्था जशी टिकून राहते, तशीच ते चित्र कोणी, कशासाठी आणि कोणत्या समजुतीने जवळ ठेवले याचीही खूण मागे उरते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या खानदेशाच्या, संदर्भात अशा संग्रहाचा विचार करू गेल्यास तो अजिंठ्याच्या डोंगरापाशी येऊन थांबतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथे काचेच्या निगेटिव्हवर घेतलेली छायाचित्रे आणि त्या छायाचित्रांच्या आधारे लंडनमध्ये बसून भारतीय वास्तुकलेचा इतिहास रचणारे जेम्स फर्ग्युसन, या दोघांची जोडी एकोणिसाव्या शतकातील इतिहासलेखनात महत्त्वाची आहे. मात्र ज्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर हे सारे घडले, त्या प्रदेशात तिची चर्चा फारच थोडी झाली आहे.

अजिंठ्याची लेणी आजच्या जिल्हारचनेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात येतात आणि एकोणिसाव्या शतकात ती निजामाच्या हद्दीत होती. तरी भूगोलाने ती खानदेशाकडेच तोंड करून आहेत. अजिंठा गाव घाटमाथ्यावर आहे, लेणी घाटाच्या उत्तर पायथ्याला आहेत, आणि ज्या वाघूर नदीने तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा कोरून काढला ती नदी पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीला मिळते. जळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवणारे धरण याच वाघूरवर आहे. जळगावपासून लेण्यांचे अंतर साधारण साठ किलोमीटर असल्याने रेल्वेने येणारा प्रवासी आजही जळगाव किंवा भुसावळलाच उतरतो.

जेम्स फर्ग्युसन यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. ते भारतात आले ते व्यापारी म्हणून. निळीच्या धंद्यात त्यांनी पुरेसा पैसा मिळवला आणि त्या पैशाच्या बळावर व्यापारातून अंग काढून घेऊन त्यांनी देशभर फिरून प्राचीन वास्तूंची रेखाटने करण्यास प्रारंभ केला. त्यासाठी ते कॅमेरा ल्युसिडा वापरत. काचेच्या लोलकातून समोरच्या वस्तूचे प्रतिबिंब कागदावर पडल्यासारखे दिसते आणि त्यावरून पेन्सिल फिरवून आकृती काढता येते, अशी त्या साधनाची रचना असते. १८३९ मध्ये त्यांनी अजिंठा पाहिला आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील शैलगृहांवर, म्हणजे खडकात कोरलेल्या लेण्यांवर, निबंध वाचला. अजिंठ्याच्या लेण्यांना आज जे क्रमांक आहेत त्यांची मूळ मांडणीही फर्ग्युसन यांचीच. ती कालक्रमाने लावलेली नसून कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने दिलेली आहे, त्यामुळे सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक असलेल्या चैत्यगृहाला दहावा क्रमांक मिळाला आणि बऱ्याच उशिरा कोरलेल्या विहाराला पहिला.

या निबंधाचा तातडीचा परिणाम असा झाला की लेण्यांतील भित्तिचित्रांची नक्कल करून ठेवावी असे ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांची त्या कामी नेमणूक केली. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहत, घाट उतरून लेण्यांत जात आणि मूळ चित्रांच्या मापाची तैलचित्रे कॅनव्हासवर रंगवत. हे काम जवळजवळ वीस वर्षे चालले. तयार झालेल्या नकला लंडनला रवाना होत राहिल्या आणि बहुतेक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या वास्तूला आग लागली आणि तेथे असलेल्या सर्व नकला जळून गेल्या. वाचल्या त्या तेथे न मांडलेल्या मोजक्याच. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या, पण १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, आग लागून त्यांपैकीही शंभरावर चित्रे नष्ट झाली. दोन पिढ्यांच्या श्रमांवर दोनदा आग पडावी, आणि तीही लेण्यांपासून हजारो मैलांवर, जेथे नकला सुरक्षित राहतील म्हणून नेल्या तेथेच पडावी, हा या सर्व प्रकरणातील सर्वांत क्लेशकारक भाग आहे.

गिल यांच्या खासगी आयुष्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरील चित्रपट यांमुळे गिल यांची प्रेयसी पारो हिचे नाव घरोघरी पोचले. अजिंठा गावातील तिच्या थडग्यावरील लेखात गिल यांनी तिचा उल्लेख आपली प्रिया असा केला असून २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आणि पटकी हे कारण दिले आहे. मात्र या प्रेमकथेच्या प्रकाशात गिल यांनी छायाचित्रकार म्हणून केलेले काम झाकोळले गेले, हेही नोंदवणे आवश्यक आहे. तैलचित्रे जळाली; काचेवरचे काम उरले, आणि अभ्यासाच्या दृष्टीने आज त्याचेच मोल अधिक आहे.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळी रूढ असलेली पद्धत ओल्या काचेची होती. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेले कलोडियन नावाचे चिकट द्रव्य काचेवर सारखे पसरायचे, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि सुकण्याच्या आत, म्हणजे काही मिनिटांतच, पुन्हा अंधारात नेऊन धुवायची, असा तो क्रम असे. म्हणून छायाचित्रकाराला अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि भरपूर स्वच्छ पाणी असा सारा संसार बरोबर वागवावा लागे. खानदेशातील वैशाखाचे ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला ईथर किती झपाट्याने उडून जात असेल आणि काच किती लवकर सुकत असेल याची कल्पना सहज करता येईल. तयार निगेटिव्ह अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपलेल्या कागदावर ठेवून उन्हात छापत. अशा छापांना अल्ब्युमेन छाप म्हणतात आणि त्यांचा तांबूस-तपकिरी रंग ही त्यांची ओळख आहे.

या तंत्राची एक मर्यादा अजिंठ्याच्या बाबतीत निर्णायक ठरली. ओल्या काचेला प्रकाशातील निळ्या भागाचीच जाणीव होत असे. तांबडा आणि पिवळा रंग तिला जवळजवळ दिसतच नसत. अजिंठ्याच्या चित्रकारांची रंगपेटी प्रामुख्याने गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी यांची, आणि त्यात पुढे लाजवर्दाच्या निळ्याची भर पडलेली. गेरूने रंगवलेली पार्श्वभूमी अशा काचेवर काळी पडते, गव्हाळ वर्णाचे चेहरे तिच्यात बुडून जातात, आणि लाजवर्दी निळा मात्र पांढरट होऊन पुढे येतो. त्यातच लेण्यांच्या आतील दालनांत उजेड अपुरा. परिणामी चित्रांसाठी कुंचला आणि वास्तूसाठी कॅमेरा अशी विभागणी आपोआप झाली. गिल यांच्या छायाचित्रांत दर्शनी भाग, खांब, चैत्यगृहांच्या कमानी आणि शिल्पे भरपूर आहेत. ज्या भित्तिचित्रांसाठी त्यांना नेमले होते ती छायाचित्रात फारशी नाहीत.

१८६४ मध्ये ही छायाचित्रे लंडनमध्ये दोन पुस्तकांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. एकात अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची शंभर द्विदर्शी छायाचित्रे होती. द्विदर्शी छायाचित्र म्हणजे दोन डोळ्यांमधील अंतराइतक्या फरकाने घेतलेल्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी चिकटवलेला पुठ्ठा. तो भिंगांच्या साधनातून पाहिला की खोली जाणवते, आणि लेण्यासारख्या पोकळीच्या वास्तूला ही पद्धत विशेष अनुरूप होती. दोन्ही पुस्तकांतील वर्णने फर्ग्युसन यांची आहेत. ही छायाचित्रे मूळ पुस्तकांत खरेखुरे छाप चिकटवून दिलेली असल्यामुळे प्रत्येक प्रत हाच एक छोटा संग्रह ठरतो. गिल यांचे छाप आज ब्रिटिश लायब्ररी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या लंडनमधील दोन संस्थांत जतन केलेले आहेत.

त्यांचे पुराव्याचे मोल किती आहे हे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापुढे उभे राहिले की कळते. या विहाराचा दर्शनी भाग अजिंठ्यातील सर्वांत अलंकृत दर्शनी भागांपैकी एक आहे. त्याच्यापुढे पूर्वी दोन खांबांवर तोललेला एक मुखमंडप, म्हणजे प्रवेशापुढे काढलेला लहानसा छतयुक्त भाग, होता. आज तो नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत मात्र तो दिसतो, आणि म्हणूनच या लेण्याचा मूळ आराखडा सांगताना अभ्यासकाला त्या छायाचित्रांकडे जावे लागते. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अनेक लेण्यांत ढासळलेले खांब नव्याने बांधून घेतले. ते करणे अपरिहार्यच होते, अन्यथा छते खाली आली असती. परंतु कोणता खांब मूळचा आणि कोणता विसाव्या शतकातील हे ठरवायचे तर दुरुस्तीपूर्व छायाचित्रासारखा साक्षीदार दुसरा नाही.

फर्ग्युसन यांनी छायाचित्रांचे हे सामर्थ्य फार लवकर ओळखले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी भारतीय वास्तूंची सुमारे पाचशे छायाचित्रे मांडली, आणि १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या इतिहासाच्या प्रस्तावनेत आपल्याजवळ तीन हजारांहून अधिक छायाचित्रे असल्याचे आणि सततच्या वापराने ती नित्य नजरेसमोरच्या वस्तूंइतकी परिचित झाल्याचे सांगितले. त्यांची पद्धत अशी की छायाचित्रे शेजारी ठेवावीत, खांबाचा घाट, कमानीचे वळण, कोरीव कामाची दाटी यांची तुलना करावी आणि त्यावरून कालक्रम लावावा. ओरिसातील देऊळ, गुजरातमधील मशीद आणि अजिंठ्यातील चैत्यगृह एकाच मेजावर एकत्र पाहण्याची सोय त्यांच्यापूर्वी कोणालाही नव्हती, आणि भारतीय वास्तुकलेचा सलग इतिहास लिहिणे त्यामुळेच शक्य झाले.

पण मेजावरून डोंगर दिसत नाही, याचा पुरावाही याच संग्रहकर्त्याच्या लेखनात सापडतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उंच टोप्या घातलेल्या परदेशी माणसांचे एक चित्र आहे. १८७९ मध्ये फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की अजिंठ्यातील चित्रांत इराणचा सासानी बादशहा दुसरा खुश्रू दिसतो आणि हा प्रसंग चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारातील इराणी वकिलातीचा आहे. चित्र पुलकेशीच्या काळातले म्हटले की लेणे सातव्या शतकात जाते; तर्क आकर्षक होता आणि अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून तो जसाच्या तसा उतरवला गेला. पुढे वाकाटक राजघराण्याच्या कोरीव लेखांचा अभ्यास झाला, वा. वि. मिराशी यांनी त्या घराण्याचे लेख एकत्र संपादित केले आणि सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखामुळे या लेण्यांचा संबंध वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाशी पक्का जुळला. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तर आयुष्यातील सहा दशके अजिंठ्याला दिली आणि दारांच्या बिजागरीची भोके, अर्धवट सोडलेले कोरीव काम, झिजलेले उंबरठे अशा खुणांवरून पहिले लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरवले. यातील बिजागरीचे भोक एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही छायाचित्रात शोधून सापडणार नाही. तेथे जाऊन, वाकून, हात लावूनच ते कळते. परदेशी टोप्यांच्या त्या चित्राचा अर्थही आता बौद्ध कथांच्या आधारे लावला जातो.

फर्ग्युसन यांच्या मतांना त्यांच्या हयातीतच एका भारतीयाने आव्हान दिले होते, आणि तो वाद वास्तुशास्त्रापुरता राहिला नाही. बंगालमधील राजेंद्रलाल मित्र यांनी ओरिसा आणि बोधगया येथील वास्तूंवर ग्रंथ लिहून, भारतीयांनी दगडी बांधकाम ग्रीकांच्या संपर्कानंतर सुरू केले हे फर्ग्युसन यांचे मत खोडून काढले. मित्र यांना छायाचित्रणाचे वावडे नव्हते. ते बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीचे खजिनदार होते, आणि १८५७ मध्ये निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर जाहीर भाषण केल्यामुळे त्यांना त्या संस्थेतून काढून टाकण्यात आले होते. निळीच्याच पैशावर उभ्या राहिलेल्या विद्वानाने १८८४ मध्ये मित्र यांच्यावर एक संपूर्ण पुस्तक लिहावे, आणि तेही भारतीय न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवू द्यावेत की नाही या इल्बर्ट विधेयकाच्या वादळाच्या पाठोपाठ, यात त्या काळची सारी सत्तारचना उघडी पडते. त्या पुस्तकात वास्तूंविषयीचे मुद्दे आहेत. पण भारतीय माणूस या विषयाचा न्यायनिवाडा करण्यास पात्र आहे का, हा प्रश्नही त्यात वारंवार डोकावतो, आणि फर्ग्युसन यांच्या अन्यथा मोठ्या कामगिरीवरील तो डाग आहे.

ज्या दशकात गिल काचा धूत होते त्याच दशकात अजिंठ्यात एक मराठी विद्वानही काम करत होता, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेण्यांतील कोरीव लेखांचे वाचन केले आणि ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील लेखही त्यांनीच प्रकाशात आणला. गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाल्याची माहिती त्यातून मिळते. भाऊ दाजी मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीशी संबंधित होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. म्हणजे कॅमेऱ्याची ओळख आणि लेख वाचण्याची विद्या या दोन्ही गोष्टी मराठी माणसाच्या हाती त्या वेळीच होत्या. फर्ग्युसन यांच्याकडे संस्कृत नव्हते, भाऊ दाजींकडे होते, आणि खानदेशाच्या इतिहासाचे पक्के दुवे लेखांच्या वाचनातून हाती आले.

धुळ्याने साधनसंग्रहाचा जो मार्ग पुढे घालून दिला तो याच अंगाने जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन पावले आणि लगोलग १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली ती गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवून. रुमाल म्हणजे मोडी कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा, आणि असे अनेक गठ्ठे मिळून दफ्तर होते. जुन्या कागदाचे मोल तो कोणत्या घराण्याच्या दफ्तरात, कोणत्या कागदांच्या सोबतीने सापडला यावर ठरते. त्या सोबतीतून तोडलेला कागद अर्धा मुका होतो. मंडळाकडे हस्तलिखितांबरोबर खानदेशातील शिल्पे आणि नाणीही आहेत. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची बाडे जमवली. समर्थ रामदासांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकी रामायण तेथेच आहे. एका धर्मपंथाचा इतिहास त्याच पंथाच्या कागदांतून लिहिण्याचे ते काम होते.

अशा संग्रहांची मालकी कोणाची हा प्रश्न सर्वत्र अवघड ठरतो. अमेरिकेत १८३० मध्ये उदयाला आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे इतिहासकार लिओनार्ड अॅरिंग्टन यांनी आपले प्रचंड दफ्तर यूटा राज्य विद्यापीठाला दिले. ते २००१ मध्ये अभ्यासकांना खुले झाले तेव्हा त्यातील काही कागद आपले आहेत असा दावा पंथाच्या धर्मसंस्थेने केला आणि तडजोडीअंती काही कागद परत करावे लागले. तरीही इतिहासकाराचे दफ्तर एका छताखाली, त्याच्याच नावाने आणि क्रमाने राहिले, आणि त्याने काय पाहिले व काय टाळले हे नंतरच्यांना तपासता आले. गिल आणि फर्ग्युसन यांच्या बाबतीत ही तपासणी करावयाची तर छायाचित्र, त्याखालचे वर्णन आणि प्रत्यक्ष लेणे ही तिन्ही एकमेकांशेजारी आणावी लागतात. पहिली दोन लंडनमध्ये आणि तिसरे वाघूरकाठी, अशी आजची स्थिती आहे.

ती बदलणे आता पूर्वीइतके दुष्कर राहिलेले नाही. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थात २०१२ पासून गांधीजींविषयीच्या कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे अंकीकरण करून जतन करण्याचे काम उभे राहिले आहे. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. धुळ्यात साधनांची हाताळणी जाणणारी जवळपास शंभर वर्षांची परंपरा आहे. गिल यांचा मृत्यू १८७९ मध्ये झाला आणि त्यांचे दफन भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत आहे. त्या शहरातील शाळकरी मुलांना गिल यांची छायाचित्रे मराठी वर्णनासह पाहावयास मिळू नयेत, असे कोणतेही तांत्रिक कारण आज उरलेले नाही. मात्र छायाचित्रांच्या प्रती नुसत्या भिंतीवर टांगून हे काम होणार नाही. प्रत्येक प्रतीखाली ती कोणत्या लेण्याची, कोणत्या कोनातून, कोणत्या सुमारास घेतलेली, त्यातील कोणता भाग आज नाही आणि कोणता नव्याने बांधलेला आहे, याची नोंद हवी, आणि फर्ग्युसन यांचे मूळ वर्णन जेथे चुकले तेथे ती चूकही नोंदवलेली हवी.

हीच पद्धत धुळे जिल्ह्याला लावावयाची तर प्रारंभ साक्री तालुक्यातील बलसाणे येथून करता येईल. तेथील मध्ययुगीन देवळांचा समावेश हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात छायाचित्रांसह केला आहे. तो ग्रंथ हाती घेऊन देवळाभोवती फिरले, प्रत्येक खांब, द्वारशाखा आणि कोनाडा छायाचित्राशी ताडून पाहिला, आणि काय ढळले, काय हलवले गेले, काय नव्याने बसवले याची मराठीत नोंद केली, तर दोन-तीन विद्यार्थ्यांना एका हिवाळ्यात पुरेल इतके हे काम आहे, आणि त्यासाठी लंडनला जावे लागत नाही.